स्वच्छ रिपोर्टची भीती

आईच्या लघवीच्या तपासणीत काही उगवलं नाही, म्हणून आत्याने वॉर्डात पेढे वाटले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना, त्यांच्या सुनेला, ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरलासुद्धा.

"मी चिंतामण गणपतीला बोलले होते," आत्या म्हणाली. "बघ, बिल्कुल साफ! घे, तोंड गोड कर."

मी तोंड फिरवलं. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आई दोन ब्लँकेटांखाली दात वाजवत कुडकुडत होती. साफ आहे तर ही कुडकुडते का, एवढा साधा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडत नव्हता. डॉक्टरने पेढा खाल्ला, हात पुसले आणि म्हणाला, "यूरिन क्लिअर है, वायरल होगा. शाम को छुट्टी कर देते हैं."

आईला शुगर आहे. ताप, उजव्या बाजूला पाठीत कळ आणि लघवीला जळजळ, एवढं घेऊन आम्ही तिला देवास गेटजवळच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये आणलं होतं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आधी लघवी कल्चरला पाठवू. म्हणजे काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, कोणते आहेत आणि कोणत्या औषधाने मरतात ते बघायचं. तोवर सलाइन आणि तापाची गोळी. मी खूश झाले. मी आणि माझे मित्र ह्याच गोष्टीसाठी मेडिकल स्टोअर्ससमोर उन्हात उभे राहून परचे, म्हणजे पत्रकं, वाटतो. परचे हिंदीत, कारण ह्या हिंदी मुलखातली आमच्यासारखी मराठी घरंही दुकानात हिंदीच बोलतात. वर लाल अक्षरांत एकच ओळ: बिना जाँच एंटीबायोटिक नहीं! दुकानदार आम्हाला हाकलतात, गिऱ्हाइकं त्याच कागदात गोळ्या बांधून नेतात. तरी आम्ही वाटतो.

तर, जाँच झाली होती. आणि जाँच म्हणत होती, काही नाही.

छापील रिपोर्ट आणायला मी खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये गेले. खिडकीतून कागद यायच्या ऐवजी आतून लॅबच्या डॉक्टर बाईच बाहेर आल्या. त्या हिंदीत बोलत होत्या, मी मराठीत लिहिते.

"पेशंट तुमची आई? नमुना देण्याआधी तिने कुठली अँटिबायोटिक घेतली होती?"

"आमच्या घरात? शक्यच नाही. मी ह्याचेच परचे वाटते, मॅडम."

"परचे वाटता ते ठीक," त्या म्हणाल्या. "इकडे या आणि बघा."

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकावर वाकवलं. आधी नुसता उजेड दिसला. मग पू-पेशींचे मोठे गुलाबी ठिपके आणि त्यांच्यामध्ये बारीक बारीक गुलाबी काड्या. पुष्कळ.

बाईंनी थोडक्यात सांगितलं. काचेवर थेंब सुकवून त्यावर जांभळा रंग घालतात, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुतात. काही जंतू जांभळा रंग घट्ट धरून ठेवतात. काही तो सोडून देतात आणि वरून दिलेला लाल रंग घेतात. सोडणारे ते ग्राम-निगेटिव्ह. मला आत्या आठवली. भैरवगढला छापाची चादर घेताना ती कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासते, रंग सुटतो का बघायला. तिथे रंग सुटला तर चादर परत. इथे रंग सुटला म्हणूनच शत्रू ओळखू आला.

"मेलेले, अर्धमेले जंतूही रंग घेतात," बाई म्हणाल्या. "बशीत मात्र उगवत नाहीत. कुणीतरी औषध दिलंय. थोडंसंच. बशी फसवण्यापुरतं. आजार बरा करण्याइतकं नाही."

"मग आता?"

"ह्या जंतूंवर बाहेरून एक जादा आवरण असतं. कितीतरी औषधं त्याच्या बाहेरच अडतात. आणि त्या आवरणाचे तुकडे रक्तात मोकळे सुटले तर बीपी कोसळतो. आईंना थंडी वाजतेय? शुगर आहे? मग त्यांना घरी नेऊ नका. मी मोठ्या डॉक्टरांना फोन करते. तुम्ही गोळीचं नाव शोधा."

मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. बाबा वॉर्डाबाहेर पाण्याच्या कूलरपाशी उभे होते. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला माणूस. मी विचारलं, आणि ते ग्लास भरत राहिले. भरून वाहायला लागला तरी.

"बाबा."

"दोन देऊन दिल्या," ते म्हणाले. "माझ्या दाढेच्या वेळच्या. डब्यात होत्या."

आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना डबा आहे, उरलेल्या गोळ्यांचा. सगळ्यांच्याच घरी असतो. दुकानदाराने चिठ्ठी न बघता गोळ्यांचा अख्खा पत्ता दिला, दाढ दुखायची लगेच थांबली, उरलेल्या गोळ्या डब्यात. पुढे कधी कामाला येतील म्हणून.

"मला का नाही सांगितलं?"

"तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते!"

"म्हणूनच," बाबा म्हणाले. "वाटलं, बरी झाली तर तुला कळणारपण नाही."

माझा राग त्या दुकानदारावर होता आणि बाबांवरही. तो राग घेऊन मी आत गेले तर नर्स बीपीचा पट्टा दुसऱ्यांदा बांधत होती. पहिला आकडा तिला पटला नव्हता. दुसराही तितकाच कमी आला.

मोठे डॉक्टर धावतच आले. त्यांनी संध्याकाळी घरी सोडायचं रद्द केलं, आईच्या दुसऱ्या हातातून रक्त काढून घेतलं आणि नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. ते नाव आमच्या परच्यावर आहे. 'हे जपून वापरा' ह्या यादीत.

"सर, जाँच?" माझ्या तोंडून गेलं.

"रक्त घेतलं ना. आता थांबलो तर जाँच कुणाची करायची?" ते म्हणाले. "ग्राम-निगेटिव्ह आहे, एवढंच हातात आहे. कुठल्या औषधाला दाद देईल ते बशीने सांगायला हवं होतं. ती तर गप्प बसलीय. अंदाजाने जायचं, दुसरं काही नाही."

अंदाजाने. माझी आई आणि अंदाज. ह्या शब्दाविरुद्ध मी चौकाचौकात भाषणं केली आहेत. आणि त्या दुपारी मी मनातल्या मनात त्याच अंदाजाला हात जोडत होते.

पुढचं सगळं मला बीपीच्या पट्ट्यासारखंच आठवतं, आवळत जाणारं आणि थोडं सैल होणारं. बाबा खुर्ची असून बसले नाहीत. आत्याने पेढ्यांचा डबा खाटेखाली सरकवला आणि पुन्हा काढला नाही. मी लघवीच्या पिशवीकडे बघत राहिले, त्यात किती उतरलं ह्यावरून मूत्रपिंडं चालताहेत का ते कळतं म्हणून. आईला पुन्हा हुडहुडी भरली, तेव्हा मी तिचे पाय दाबून धरले आणि वाटलं, अंदाज चुकला. डॉक्टर म्हणाले, औषध अजून बदलू नका. पुढची हुडहुडी लहान आली. त्यानंतरची आलीच नाही.

मग एका सकाळी आई चिडून म्हणाली, "हा पंखा कुणी बंद केला? बेटा, जीव जाईल माणसाचा उकाड्याने!"

बाबा पंख्याच्या बटणाकडे असे धावले की आत्याला हसू फुटलं.

रक्ताच्या तपासणीतही काही उगवलं नाही. ह्या वेळी कुणी पेढे वाटले नाहीत. तो जंतू नेमका कोणता होता ते आम्हाला आजही माहीत नाही. शुगर आहे, तो पुन्हा येऊ शकतो, आणि आला तर कोणत्या औषधाला जुमानेल हे सांगणारा कागद आमच्याकडे नाही. आई "आज जरा कणकण वाटतेय" म्हणाली की मी आधी थर्मामीटर काढते.

घरी आल्यावर बाबांनी तो बिस्किटांचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. मी तो रिकामा करत होते तर आत्या म्हणाली, "अगं, ती पिवळी राहू दे, माझ्या घशाला चालते." मी ओरडणार होते. बाबा माझ्याकडे बघत होते. मी ती पिवळी गोळी उचलली आणि आत्याला विचारलं, घसा कधीपासून दुखतोय.

परचा बदलला आहे. लाल ओळ आहे तीच, पण तिच्याखाली नवी भर घातली: थंडी वाजून ताप असेल तर वाट बघत बसू नका, नमुना लगेच द्या आणि त्यानंतरचं औषध डॉक्टरांना ठरवू द्या. आधी कोणती गोळी घेतली ते खरं सांगा. कोणीही ओरडणार नाही.

छापायला देण्याआधी बाबांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि परत केला.

"शेवटचं वाक्य खोटं आहे," ते म्हणाले. "पण राहू दे."