हमदुल्लाची प्रेस

वसईजवळच्या नंदाखालचा कॅस्मिर लोपीस शारजाच्या धैद रस्त्यावरच्या एका शूटिंग क्लबात काडतुसं भरायचा. गावी तो लेथवर होता, त्यामुळे नजर बारीक आणि हात स्थिर. त्र्याण्णवपासून काम एकच: मेंबरांनी झाडलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. हातप्रेसवर एकेक पुंगळी चार-चार वेळा दांड्याखालून जायची. तासाला साठ काडतुसं झाली तर खूप.

अठ्ठ्याण्णव साली मेंबर वाढले आणि कॅस्मिरचा हात पुरेना. तेव्हा मॅनेजर अरुणसाहेबांनी प्रोग्रेसिव्ह प्रेसचा विषय काढला. तिच्यात पाच पुंगळ्या फिरत्या ताटलीवर एकाच वेळी पाच कामांखाली उभ्या राहतात. दांडा एकदा ओढला की एक तयार काडतूस बाहेर. तासाला चारशे. नवी अडीच हजार दिरहम, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस हजार रुपये. बंद पडलेल्या दुसऱ्या एका क्लबाची जुनी मात्र एका व्यापाऱ्याकडे सातशेला मिळत होती, आठ हजार रुपयांत. पंधरा दिवस जुनी चालवून बघ आणि कोणती परवडते ते सांग, असं साहेबांनी फर्मावलं. रेंजवरचा इद्रीस, जो पूर्वी त्याच बंद क्लबात होता, ती पिकअपमधून घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला म्हणून कॅस्मिर उठला. परत येऊन दांडा ओढला, तर तो अर्ध्यावर थांबला. अडकलेलं यंत्र हाताला दगडासारखं लागतं, हे त्याला लेथवरून ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. कुणी मनगट हलकेच धरावं तसं वाटलं. त्याने पुंगळी काढून पाहिली. आत दारू दुप्पट होती; फोनला उठण्यापूर्वी एकदा पडली होती, आता पुन्हा. तसं काडतूस झाडणाऱ्याच्या हातातच बंदूक फुटली असती. दारू ओतून टाकल्यावर दांडा लोण्यातून जावा तसा खाली गेला.

त्या आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं. मग त्याने मुद्दाम करून पाहायचं ठरवलं. दुपारचा एक वाजला होता, बाहेर ऊन पांढरं पडलं होतं, खोलीत एसीचा आवाज आणि तो. एका पुंगळीत त्याने दुप्पट दारू घातली आणि दांडा ओढला. हलेना. दोन्ही हातांनी रेटला, तरी हलेना. हात काढून घेतल्यावर दांडा आपला आपण, अगदी सावकाश, वर गेला. त्याची काळी मूठ गरम लागत होती, आणि तो गरमपणा कॅस्मिरच्या तळव्याचा नव्हता.

त्याने इद्रीसला गाठून विचारलं, की या प्रेसवर पूर्वी कोण होतं.  इद्रीसने हमदुल्लाची हकिकत सांगितली. पाकिस्तानातल्या स्वातचा माणूस. नवीन भरलेली काडतुसं तपासायला त्याने स्वतःच झाडली, त्यातलं एक दुप्पट भरलेलं निघालं आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. क्लबाने तिकीट काढून घरी धाडला.

"वारला?" कॅस्मिरने विचारलं.

"जिंदा है, कॅस्मिरभाई. खाटेवर बसून दिवसभर हवेत दांडा ओढतो. त्याचा भाऊ फोनवर सांगतो, मधेच थांबतो आणि हात सोडतच नाही."

शारजातल्या अल मजाज भागातल्या घरी जेवताना कॅस्मिरने हे सांगितलं, तेव्हा बायको ब्रिजिटने कपाळाला बोटं लावून क्रूस केला. मुलगा नेल्सन ताटातून मान वर न करता म्हणाला, "डॅड, इट्स जस्ट अ स्प्रिंग."

हळूहळू भीती ओसरली आणि तिच्या जागी भरवसा आला. कॅस्मिर पुंगळ्यांत डोकावेनासा झाला. वेग तासाला चारशेवर गेला. सातशे दिरहममध्ये असा राखणदार कुठली कंपनी देणार, असं त्याच्या मनात येऊ लागलं. साहेबांना काय सांगायचं तेही ठरून गेलं.

तेराव्या दिवशी, गुरुवारी, इद्रीस आला आणि दारातच उभा राहिला. स्वातहून फोन होता. हमदुल्ला मंगळवारी सकाळी गेला.

 मंगळवारपासून दांडा एकदाही थांबला नव्हता. त्याने तेव्हापासूनचे सगळे डबे ओढून काढले आणि काडतुसं एकेक करून काट्यावर घालायला सुरुवात केली. इद्रीस मोजलेली बाजूला ठेवत गेला. तिसऱ्या डब्यातलं एक जड भरलं. त्याने गोळी उपसली. दारू दुप्पट होती. दांडा तिच्यावरून निमूट खाली गेला होता आणि कॅस्मिरच्या हाताला काही कळलं नव्हतं.

उरलेली सगळी वजन करून झाल्यावर तो ती पुंगळी घेऊन अरुणसाहेबांकडे गेला. नवीच घ्या म्हणाला, आणि दारू कमीजास्त झाली तर घंटी वाजवणारा भागही घ्या, त्याचे आणखी दोनशे पडतील. साहेबांनी विचारलं, जुनीत खराबी काय निघाली?

"खराबी काही नाही सर. माझ्याबरोबर तिच्यावर आणखी एक माणूस काम करत होता. तो आता नाही."

साहेबांनी टेबलावरच्या पुंगळीकडे पाहिलं आणि नव्या प्रेसच्या ऑर्डरवर सही केली. जुनी प्रेस व्यापाऱ्याकडे परत गेली.

पुढल्या शुक्रवारी ब्रिजिटने चर्चमध्ये हमदुल्लाच्या नावाने मिस्सा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, करायला सांगितली. मृतांची नावं वाचताना फादर एका नावाशी अडखळले, चष्मा नीट केला आणि "हमदुल्ला" असं स्पष्ट म्हणाले. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी मागे वळून पाहिलं. बाहेर गेटशी इद्रीस उन्हात उभा होता. नाव घेतलं, एवढंच कॅस्मिरने त्याला सांगितलं. इद्रीसने मान हलवली आणि तो जुम्म्याच्या नमाजाला निघून गेला.