काठी तर डिकीत होती

कोल्का कॅन्यनच्या ट्रेकबद्दल कुणीतरी विचारलंय, म्हणून लिहायला बसलो. माझा पेशा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते मी खरं धरत नाही, त्यामुळे अनाकलनीय अनुभवांच्या या धाग्यावर आजवर फक्त खुसपटं काढायला येत असे... असो.

आधी कामाचं. पेरूत पोचल्या पोचल्या दरीत उतरू नका. दोन दिवस उंचीवर आळशासारखे नुसते फिरा. उतरणं सोपं वाटतं, पण गुडघ्यांची वाट तिथेच लागते. वर चढायचं ते दुसऱ्या दिवशी, ऊन तापायच्या आत. मध्ये पाणी मिळेलच असं नाही, तेव्हा चिवडा कमी आणि पाणी जास्त न्या — आपण नेमकं उलटं करतो. कोकाच्या पानांचा चहा तिथेच प्या, अमेरिकेत आणू नका, इथे त्यावर बंदी आहे. आणि दुपारी वारा सुटला की वरून दगड येतात, तेव्हा जपून.

या ट्रेकला मी आणि माझी लेक इरा जाणार होतो. वर्षभर शनिवारी शेनान्डोआच्या डोंगरांत सराव केला. ती पुढे, मी मागे. फारच मागे पडलो की मी लोखंडी टोकाची काठी दगडावर दोनदा आपटायचो — टक टक — म्हणजे 'थांब'. ती मागे न वळता थांबायची. ऐन वेळी माझा गुडघा गेला. इरा मैत्रिणीबरोबर गेली आणि मी इथे अमेरिकेत, हर्नडनला घरी सोफ्यावर, गुडघ्याला बर्फ लावून. दरीत रेंज नाही, त्यामुळे दिवसभर जीव टांगणीला लागलेला.

दुपारी वरच्या मजल्यावरून बायकोचा, मुग्धाचा फोन. "अरे, मी मीटिंगमध्ये आहे. काठी आपटू नको ना यार."

मी म्हटलं, काठी गाडीच्या डिकीत आहे. तिला वाटलं चेष्टा करतोय. बरं, आमच्या घरात खाली-वर सगळीकडे कार्पेट.

संध्याकाळी दरीतल्या गावातल्या लँडलाइनवरून इराचा फोन आला. दुपारी एका वळणाच्या अलीकडे ती थांबली, म्हणून मैत्रीणही थांबली... आणि तेवढ्यात पुढची वाट दगडांखाली गेली. मी विचारलं, थांबलीस का?

"आय हर्ड युअर स्टिक, बाबा. टू टॅप्स. सो आय वेटेड."

मैत्रिणीला काहीच ऐकू आलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. मुग्धाने हातातला डाव ओट्यावर ठेवला आणि खालीच बसली. आम्ही दोघंही रडलो, त्यात लपवायचं काय.

नंतर काठी घरात आणून मी जिन्यावर, हॉलमध्ये, बेसमेंटमध्ये आपटून पाहिली. वर मुग्धाला काही ऐकू येत नाही. ऑफिसात असला, पुन्हा न दिसणारा बग मी सरळ क्लोज करतो. हा करवत नाही.

इराला आणायला एअरपोर्टवर गेलो. पार्किंगमध्ये ती बॅग घेऊन पुढे, मी लंगडत मागे, हातात काही नाही. मध्येच ती थांबली... मागे न वळता. मी तिच्यापर्यंत पोचलो, मग आम्ही बरोबर चालू लागलो. का थांबलीस, हे मी या वेळी विचारलं नाही.