एकसष्टावा दिवस

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी मला माझा पहिला पक्षकार मिळाला, आणि तो मी शोधलेला नव्हता. सोमवार होता. जळगावच्या कोर्टात मी दुसऱ्या एका वकिलांच्या कामाची पुढची तारीख घ्यायला बसले होते. तेवढ्यात पोलिसांनी पन्नाशीच्या एका माणसाला आणून उभं केलं. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "वकील आहे का तुमचा?" त्याने नकारार्थी मान हलवली. साहेबांची नजर बाकांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. मोफत वकिलांच्या यादीत माझं नाव नुकतंच लागलं होतं.

"तुम्ही बोलून घ्या त्यांच्याशी. दहा मिनिटं देतो."

व्हरांड्यात शिपाई चार पावलं लांब उभा राहिला. माणूस नशिराबादचा पिंजारी, गाद्या-रजया भरणारा. शहरातल्या एका बंगल्यात तीन दिवस गाद्या भरायला गेला होता. काम संपल्यावर आठवड्याने त्या घरच्यांना कपाटातल्या पाटल्या दिसेनात. घरात बाहेरचं कोण येऊन गेलं? हाच.

"चाचा, तुमच्यावर राहत्या घरातल्या चोरीचा आरोप आहे," मी सांगितलं.

"म्हणजे मी चोर झालो?"

"नाही. आरोप म्हणजे कुणीतरी तसं म्हणतंय. ते खरं आहे हे त्यांनी सिद्ध करायचं. तुम्ही चोर नाही हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं."

शिपायाकडे एकदा बघून तो हळू आवाजात म्हणाला, "पण मॅडम, मी ठाण्यात 'हो' म्हणून बसलो. घाबरलो होतो."

त्या क्षणी मला कॉलेजात पाठ केलेला कायदा पहिल्यांदा जिवंत वाटला. "पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध चालत नाही, चाचा. आणि इथून पुढे चौकशीत वकिलाला भेटायचा तुमचा हक्क आहे. स्वतःला अडकवणारं काही बोलायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही."

"असं कायद्यात लिहिलंय?"

"लिहिलंय."

पण लिहिलेलं असलं म्हणून लगेच दार उघडत नाही. कोठडी झाली, मग जेल. माल मिळालेला नाही, तपास बाकी आहे, म्हणून जामीन नाकारला. वरच्या कोर्टात अर्ज केला, तिथे तारखा पडत गेल्या. त्याची बायको, चाची, दर आठवड्याला नशिराबादहून रिक्षाने यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "कधी सुटतील?" मी दर वेळी नवं काहीतरी उत्तर द्यायचे आणि घरी येऊन स्वतःवरच चिडायचे.

एका गुरुवारी संध्याकाळी फाईल चाळताना माझं लक्ष पहिल्या कोठडीच्या आदेशाकडे गेलं. तो सोमवार. मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि पेनाने दिवस मोजत गेले. तपास साठ दिवसांत संपवून दोषारोपपत्र दिलं नाही, तर अशा गुन्ह्यात आरोपीला जामीन मिळण्याचा हक्कच तयार होतो. न्यायाधीशांच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. मोजणी संपली तेव्हा माझं बोट गुरुवारवर होतं. आजच साठ!

नवे कायदे आल्यापासून कलमांचे सगळे आकडे बदललेले, म्हणून दोनदा पडताळलं. मग धुळ्याला माझ्या जुन्या गुरूंना, नानांना, फोन लावला. त्यांच्याकडे मी वकिलीची पहिली उमेदवारी केली होती.

"नाना, कोठडीचा पहिला दिवस धरायचा की सोडायचा?"

"धरायचा. सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे. पण पोलीस बहुधा सोडून मोजत असतील. म्हणजे त्यांच्या हिशेबाने उद्या साठावा. उद्या दाखल करतील ते! तू त्यांच्या आधी पोच."

शुक्रवारी ऑफिस उघडायच्या आधी मी खिडकीशी उभी होते. अर्ज, निकालाची प्रत, जामीन द्यायची तयारी असल्याचं पत्र, सगळं छातीशी धरलेलं. खिडकीवरचे लिपिक धुळ्याकडचे, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना आबा म्हणत.

"अर्ज बठ्ठा पूरा शे का?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"पूर्ण आहे, आबा. फक्त शिक्क्याबरोबर वेळही लिहा. आणि या गुन्ह्यात दोषारोपपत्र आलंय का, तेवढं बघून सांगा."

त्यांनी रजिस्टर पाहिलं, संगणकही पाहिला. "अजून नाही." शिक्का बसला. दहा पंचेचाळीस.

साडेअकराच्या सुमारास एक हवालदार घाईघाईने जिना चढून आला. काखेत लाल फितीने बांधलेला गठ्ठा होता. मला ओरडावंसं वाटलं, पण मी फक्त पोचपावती घट्ट धरली.

दुपारी सुनावणी झाली. सरकारी वकील म्हणाले, "आज साठावा दिवस आहे, आणि दोषारोपपत्र दाखल झालं आहे."

मी उठले. आवाज पहिल्या वाक्याला चिरकला, दुसऱ्याला स्थिर झाला. "साहेब, कोठडीचा पहिला दिवस धरायचा असतो. म्हणजे आज एकसष्टावा. आणि माझा अर्ज त्यांच्या कागदांच्या आधीचा आहे."

न्यायाधीशांनी सुप्रीम कोर्टाच्या निकालाची प्रत वाचली, बोटांवर दिवस मोजले, शिक्क्याची वेळ पाहिली. पंखा आवाज करत होता. "जामीन मंजूर," ते म्हणाले.

बाहेर चाचीने मला मिठीच मारली. जामीनदार कोण होणार, याची धास्ती होती, पण नशिराबादचा एक शेतकरी सातबारा घेऊन सकाळपासून झाडाखाली बसलेला. त्याच्या मुलीच्या लग्नातल्या गाद्या चाचाने भरल्या होत्या. "माणूस आम्हाला ठाऊक आहे," एवढंच तो बोलला. कागदपत्रं पुरी होऊन संध्याकाळी चाचा जेलच्या दारातून बाहेर आला.

खटला पुढे वर्षभर चालला. पाटल्या सापडल्या नाहीत. उलटतपासणीत बंगल्यातल्या बाईंनीच मान्य केलं, की पाटल्या शेवटच्या कधी पाहिल्या ते त्यांना आठवत नाही आणि त्या आठवड्यात घरात पाहुणेही होते. चाचा सुटला.

निकालाची नक्कल घ्यायला तो स्वतः माझ्याकडे आला. अकरा पानं होती. त्याने ती सगळी उलटली आणि म्हणाला, "मॅडम, यात 'निर्दोष' कुठं लिहिलंय? तेवढा शब्द दाखवा. गिऱ्हाईकाच्या घरी जाताना बोट ठेवता आलं पाहिजे."

मी झेरॉक्सवर त्या शब्दाखाली जाड रेघ मारून दिली.