कंट्रीकाकांची दुरुस्ती

कंट्रीकाका गाण्यांतल्या चुका काढत. सुरांच्या नव्हे, गरिबीच्या. अर्विंगहून ऑफिसला आम्ही त्यांच्याच गाडीतून जायचो आणि रेडिओवर कायम कंट्री म्युझिक, अमेरिकेतली गावाकडची गाणी; म्हणून ते कंट्रीकाका. एखादा गायक गळक्या घरातल्या बालपणाबद्दल हळवा झाला, की काका आवाज कमी करत. "छपराला भोक असलं की माणूस चांदण्या बघत नाही, खाली भांडी मांडतो." आम्ही हसायचो. नागपूरजवळच्या स्वतःच्या घराबद्दल मात्र ते चकार शब्द काढत नसत.

त्यांच्या लेकीने, सईने, बँकेतली नोकरी सोडून गाणी लिहायला घेतली तेव्हा हाच माणूस भडकला. "गरिबी गाण्यात बरी वाटते. मी राहून आलोय तिथे," एवढं बोलून त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. काकू मध्ये पडल्या, मी पडलो, काका ढिम्म. मला त्यांचा रागच आला होता.

मग एका कंट्री गायिकेच्या आयुष्यावरचा सिनेमा आला, डोंगरातल्या झोपडीपासून मोठ्या स्टेजपर्यंतचा. त्यात एक गाणं सईचं होतं. काकूंनी रडून-भांडून काकांना थिएटरात आणलं. हे मध्येच उठून जाणार या धास्तीने मी त्यांच्या शेजारी बसलो.

गाणं सुरू झालं. छोटी नायिका गात होती: घरात दाणा नाही, तरी आई चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवते; धूर बघून शेजाऱ्यांना वाटावं, यांच्याकडे स्वयंपाक चाललाय. काकू घाबरून पुटपुटल्या, "ह्यांच्या आईचं आहे हे. सईला लहानपणी झोपवताना सांगितलं होतं ह्यांनी." जन्मभर लपवलेली गोष्ट भर थिएटरात उघडी पडली होती. काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

ते उठले नाहीत. सिनेमा संपल्यावर पार्किंगमध्ये त्यांनी सईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकूंनी माझा दंड पकडला.

"आई भांड्यावर झाकण ठेवायची," काका म्हणाले. "शेजारीण डोकावली तर आत पाणी दिसू नये म्हणून. तू झाकण विसरलीस."

पलीकडून सईचा रडवेला आवाज आला, "बाबा, अजून काय राँग आहे?"

"घरी ये. सांगतो."

काका आता नाहीत. परवा सईच्या शोला गेलो होतो. तिने तेच गाणं म्हटलं. त्यातली आई आता भांड्यावर झाकण ठेवते. काकांनी आवाज कमी केला नसता.