कॅमेऱ्याच्या पलीकडचा पंख

फोटो मोबाईलवर आले तेव्हा मी जेवत होतो. पुतणीच्या मुलीचे लग्न मालेगावकडच्या एका लॉन्सवर झाले, गुडघ्यांमुळे मी गेलो नव्हतो. फोटोत नवरा-नवरी एका लढाऊ विमानाच्या डाव्या पंखावर पाय सोडून बसली होती. ते विमान मी केलेले. ताट तसेच सरकवले.

मी सातवीपर्यंत शिकलेला सुतार. तीस वर्षे सिनेमाच्या सेटवर काम केले. घोटीच्या पुढे माळावर एका युद्धपटाचे शूटिंग होते, तिथे आम्ही प्लायवूड, बांबू आणि पत्र्याची तीन विमाने उभी केली. आतली घड्याळे म्हणजे स्टीलच्या डब्यांची झाकणे. एक खरे जुने विमानही आणले होते. त्याला रात्रंदिवस पहारा असे, आणि काम संपताच ते ताडपत्री घालून परत गेले. आमच्या विमानांना पहारा नव्हता. पहिले कॅमेऱ्यापुढेच जाळले. दुसरे भंगारवाल्याने जागेवर तोडून पत्रा नेला. तिसरे या लॉन्सवाल्याने शोभेसाठी घेतले.

सेटवर रीत अशी, की कॅमेरा ज्या बाजूला असेल तीच बाजू पक्की करायची. हिरो उजव्या पंखावरून चढणार होता, म्हणून त्यात लोखंडी अँगल घातला. डाव्यात नुसत्या बांबूच्या कामट्या, वरून पातळ पत्रा. अशा कच्च्या भागावर आम्ही लाल फुली मारतो, म्हणजे कुणी पाय देत नाही. लॉन्सवाला विमान न्यायला आला तेव्हा म्हणाला, "मिस्तरी, फुली वाईट दिसते, तेवढी रंगवून टाका." मी टाकली रंगवून. विमान फाटकावर उंच लावणार असेच मी धरून चाललो. विचारले नाही. दोन्ही पंख हुबेहूब दिसायला लागले याचे उलट कौतुक वाटले.

फोटोत लॉन्सच्या पाटीवर नंबर दिसत होता, तो लावला. "तारीख बोला. हॉल पाहिजे का नुसतं मैदान?" मी पंखाचे सांगितले. "बरं, शेठना सांगतो," म्हणून फोन ठेवला. मुलगा म्हणाला, "अण्णा, इतकी वर्षं टिकलंय, आताच काय होणार आहे?" तिसऱ्या दिवशी पिशवीत बोल्ट खोलायचे पाने, रॉकेलची बाटली आणि गोळ्या घालून इंदिरानगरहून रिक्षाने नाशिकच्या सीबीएस स्टँडला गेलो.

कुणाला जायचे असेल तर सांगतो. मालेगाव किंवा धुळ्याची साधी गाडी धरा, जलद गाड्या मधे थांबत नाहीत. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर एसटीला तिकीट नाही, पण आधारकार्ड लागते. मी ते पिंपळगावपर्यंत चार वेळा चाचपून पाहिले. चांदवडला गाडी दहा मिनिटे थांबते, चहा बरा मिळतो. मी उतरलो नाही, गाडी सुटली तर काय करायचे. पुढे राहुड घाट उतरताना समोरच्या ट्रकमधून कांदे घरंगळत होते आणि आमचा ड्रायव्हर फोनवर बोलत होता. मी डोळे मिटून घेतले.

उमराण्याच्या पुढे उतरलो. लॉन्स हायवेलाच आहे. हिरवे गालिचे, थर्माकोलचे खांब, आणि मधोमध माझे विमान. रंग गुलाबी केला होता. डाव्या पंखाच्या टोकाखाली लोखंडी ड्रम ठेवून त्याला झालर लावलेली. मी झालर उचलून पंख खालून पाहिला. पंख मुळाशी एकदा मोडून तारेने आवळला होता.

मॅनेजर आला. "बाबा, फोटो काढायचा तर शंभर रुपये."

"हा पंख कधी मोडला?"

"वादळात वाकला जरा. आता टाइट हाय."

"हा खाली उतरवा. माणसाचं वजन पेलणारा नाही हा."

तो हसला. "लोकं बसायला त्याच्यावरच येत्यात. उजवीकडं ऊन लागतं, फोटो काळा येतो."

बाजूला एक बाई स्टुलावर बसून झेंडूचे हार सोडवत होती. पन्नाशीची असेल. मान वर न करता म्हणाली, "वादळबिदळ काय नाय. मीच पडले त्याच्यावरनं."

"मंदाताई, तुम्ही हार बघा," मॅनेजर म्हणाला आणि फोन आला म्हणून आत गेला.

मी विचारले तेव्हा तिने सांगितले. मागच्या लग्नसराईत पंख धुवायला वर चढली होती. खुब्यात हाड मोडले. आता उभे राहून झाडू मारता येत नाही म्हणून हे बसून करायचे काम दिले आहे. "चूक माझीच. दोन बादल्या भरून वर नेल्या, एक न्यायला पायजे होती. सून रोज तेच म्हणती, सासूला घाई नडली."

तसेच निघून यावे असे मनात आले, हे खरे लिहितो. धुळ्याहून नाशिकला जाणारी गाडी समोरच थांबली होती.

"बादलीनं नाही पडलात," मी म्हणालो. "पंखच कच्चा होता. मी केलाय तो. वर खूण होती, तीही मीच रंगवून टाकली."

तिने हातातला हार खाली ठेवला. मग म्हणाली, "वरीस झालं बाबा."

"आज कळलं मला."

"मला बी आजच कळतंय."

हे पंख ट्रकमधून नेता यावेत म्हणून आम्ही चार बोल्टांवर बसवतो. बोल्ट कुठे दडवले आहेत ते मला माहीत होते. रॉकेल ओतून मी पहिल्याला पाना लावला. मॅनेजर धावत आला. "ओ बाबा, उद्या हळद हाय इथं. पोलिसांना बोलवू का?"

मंदाताई स्टूल धरून उठली. "काढू द्या. नायतर उद्या वऱ्हाडापुढं उभी राहून सांगते, मी कुठनं पडले ते."

"तुमचं काम जाईल, ताई," मॅनेजर म्हणाला.

"जाऊ द्या. तुम्ही ड्रम सरकवा जरा."

मॅनेजर शेठना फोन लावत लांब गेला. ड्रम त्याने सरकवला नाही. चौथा बोल्ट निघायला तासभर लागला. पंख खाली आला आणि पत्र्यातून कुजलेल्या कामट्या बाहेर पडल्या. वाळवीने त्यांचा भुगा केला होता. त्यावर नवरा-नवरी बसली होती.

परतीच्या गाडीत उभे राहावे लागले. घरी मुलगा चिडला, ते साहजिकच आहे. पाय आठ दिवस सुजलेले होते.

काल मंदाताईला फोन केला. काम गेले आहे. पंखाच्या कामट्या हळदीच्या जेवणाला चुलाणात घातल्या आणि राहिलेल्या विमानाला भंगारवाल्याने हात लावला नाही, लाकूड फार म्हणून. ते तसेच एका पंखावर कलून उभे आहे. सुनेला सांगितले का, असे मी विचारले.

"सांगितलं. ती म्हणाली, मग त्या सुताराला जाब विचारा. म्हणून विचारते बाबा, असलं आणखी कुठं कुठं ठेवलंय तुम्ही?"

सिनेमांसाठी वाड्यांचे सज्जे केले, एका देवळाचा जिना केला, ओढ्यावरचा लाकडी पूल केला. काम संपले की कुणी ना कुणी उचलून नेत असे, हॉटेलाला, शाळेला, बागेला. सकाळपासून आठवून लिहितो आहे. सतरा झाले. त्यातल्या किती फुल्यांवर मी रंग मारला ते आठवत नाही. सिनेमातले असे काही तुमच्या गावात उभे असेल तर आधी खालून बघा, लेकरांना वर चढवू नका, आणि मला कळवा.