वरचा खडा

राहू गावचा गोकुळ मोठा हुशार माणूस, निदान त्याचं स्वतःचं मत तरी तसं होतं. गुऱ्हाळ वडिलांचं, पण गूळ पाकिटांत भरून सणसवाडीच्या दुकानांत पोचवायची अक्कल त्याची. पाकिटावर नाव ‘सोजराबाईंचा गूळ’ आणि डोक्यावर पदर घेतलेल्या आईचा फोटो. सोजराबाईंनी जन्मभर सुटा गूळ विकला. काटा बरोबर आला की त्या वर आणखी एक खडा ठेवायच्या. गोकुळला ते कधी पटलं नाही.

पाकीटबंद मालाचे नियम सांगायला दौंडला बैठक झाली. किलोमागं पंधरा ग्रॅमपर्यंतचा फरक एखाद्या पाकिटात चालतो, असं साहेबांनी सांगितलं. एवढं कानावर पडलं आणि स्वारी चहाला बाहेर! त्या दिवसापासून प्रत्येक पाकीट नऊशे नव्वद ग्रॅमचं. मनाला टोचत नव्हतं असं नाही, पण कायद्यात बसतंय म्हणून तो मनाला गप्प करायचा.

परवा वजनमापाचे निरीक्षक गुऱ्हाळावर आले. रिकाम्या पिशवीचं वजन वजा करून एकेक पाकीट तोललं. नऊशे नव्वद. नऊशे एकोणनव्वद. परत नऊशे नव्वद.

“साहेब, सगळं पंधराच्या आतच हाय की,” गोकुळ ऐटीत म्हणाला.

“एखादं कमी भरतं, एखादं जास्त, म्हणून ती सूट आहे. सगळ्यांची सरासरी किलोच्या खाली जाता कामा नये. तुमचं तर एकही जास्त भरलेलं नाही.”

सोजराबाई दारातच उभ्या होत्या. गोकुळची मान वर होईना. माल अडकला, कागदावर सही झाली, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. आईच्या फोटोची पाकिटं तिच्यासमोर काट्यावर चढली, याची मात्र मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

“मुद्दाम केलंस?” तिनं विचारलं.

“व्हय.”

ती आत गेली. परातीत गुळाचे खडे घेतले आणि शेजारच्या शेवंताबाईंपासून सुरुवात करून, गावात ज्यांनी ज्यांनी पाकीट नेलं होतं त्यांची घरं फिरली. दुपारी परतली तेव्हा परात निम्मी भरलेलीच होती. ती तिनं गोकुळपुढं ठेवली.

“गावातल्यांचं देऊन आले रं. सणसवाडीत माझं तोंड बघून नेलं, त्यास्नी आता कुठं हुडकू?”