सौंसरचा धुतलेला स्पंज

नागपूरहून निघालेली गाडी नरखेडच्या पुढे गेली की मध्य प्रदेश लागतो. पाट्या हिंदी होतात, डब्यातली बोली मात्र तीच राहते. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी मी पांढुर्ण्याला उतरले, तेव्हा स्टेशनाबाहेर संत्र्यांचे क्रेट ट्रकवर चढत होते. माझ्या हातात एक पत्र्याचा डबा होता आणि डब्यात, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेला, एक कोरा स्पंज.

पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, ती एका आंतरराष्ट्रीय जाळ्याचा भाग आहे. बर्फाळ टोकांवर, बेटांवर, शेतांत, एकाच मापाची दोन स्टीलची भांडी तोंडाला तोंड लावून टांगलेली असतात आणि त्यांच्या आत असा स्पंज असतो. भांड्यांच्या फटीतून तीन महिने हवा जात-येत राहते. फवारणीची औषधं, धुरातली विषं त्या स्पंजात अडकतात. मग सगळीकडचे स्पंज युरोपातल्या एकाच प्रयोगशाळेत तपासतात, म्हणजे एका देशाची हवा दुसऱ्या देशाच्या हवेशी ताडून बघता येते. कापूस-संत्र्याच्या या पट्ट्यात आमचं एकच ठिकाण आहे, सौंसरजवळची एक बाग. आदल्या वर्षी माकडांनी भांडं पाडलं आणि एक तिमाही वाया गेली. पुन्हा खंड पडला तर हे ठिकाण बंद करावं लागेल, असं वरून कळवलेलं होतं.

बागेचे मालक गणेशराव पांढुर्ण्याच्या शाळेत शिक्षक आहेत आणि रविवारीच गावी जातात. पुढच्या वर्षाच्या परवानगीवर त्यांची सही हवी होती, म्हणून आम्ही स्टेशनाजवळ तर्री-पोह्यांच्या गाडीवर भेटलो. तर्रीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गणेशरावांनी सही केली आणि यंत्र अगदी व्यवस्थित आहे, मी दर रविवारी बघतो, अशी खात्री दिली.

सौंसरच्या बसमध्ये जामसांवलीच्या मारुतीला निघालेले बरेच लोक होते. शेजारच्या काकाजींनी डब्यात प्रसाद आहे का विचारलं. यात हवा पकडायचा स्पंज आहे, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि आमची खिडकी ओढून घेतली, स्पंज वाटेतच भरू नये म्हणून. डबा घट्ट बंद आहे हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. जामसांवलीला उतरताना त्यांनी खिडकी पुन्हा उघडून दिली.

सौंसरहून ऑटोने बागेत पोचले. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं तोडणं चाललं होतं. पलीकडच्या वावरात (शेतात) बायका कापूस वेचत होत्या. गणेशरावांच्या पत्नी शोभाताई झाडाखाली क्रेट भरून घेत होत्या. बाग खरं म्हणजे त्याच चालवतात. मला बघून त्यांनी हात पुसले आणि आधी पाणी दिलं.

मी हातमोजे घातले, भांडं उघडलं आणि तशीच उभी राहिले. तीन महिन्यांनी स्पंज करडा झालेला असतो. हा पांढराशुभ्र होता आणि त्याला कपड्यांच्या साबणाचा वास येत होता.

"दिवाळीत मीच धुतला," शोभाताई मागून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "लय मळला होता. तुमी येऊन राहिल्या होत्या ना."

तिथे थांबले असते तर कडू बोलले असते. विहिरीच्या काठावर जाऊन बसले. तीन महिन्यांची हवा साबणाच्या पाण्याबरोबर गेली होती आणि बहुधा हे ठिकाणही.

थोड्या वेळाने त्या शेजारी येऊन बसल्या. एवढं काय होतं त्यात, असं त्यांनी हळूच विचारलं. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"पलीकडे फवारणी झाली का मले मळमळते, डोकं दुखते," त्या म्हणाल्या. "घरचे म्हणतात, तुले भासच होते. ह्या यंत्राने कधी तरी समजंन म्हणून मी जागा देली. अन् मीच धुऊन टाकलं. पण म्याडम, मले कोणी सांगतलंच नाई."

ते खरं होतं. यंत्र बसवलं त्या रविवारी मी तासभर समजावून सांगितलं होतं, पण गणेशरावांना. शोभाताई तेव्हा आमच्यासाठी चहा करत होत्या. रोज त्या भांड्याखालून जाणारी बाई कोण, हे मी विचारलंही नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या जागी लाज आली.

स्पंज गहाळ झाला असं कळवावं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे कबूल करते. तो त्यांना माझ्या तोंडावर दिसला असावा.

"खरं काय ते लिहा," त्या म्हणाल्या. "मी धुतला, असंच लिहा. माहं नाव बी टाका."

मी तिथूनच युरोपला कळवलं आणि त्यांच्या नावाखाली माझी चूकही लिहिली. मग आम्ही जेवलो. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि वरून भरपूर सांबार (कोथिंबीर). भाकर संपायच्या आत उत्तर आलं. आमच्या समन्वयक बाईंनी लिहिलं होतं की एका बेटावर मच्छीमाराने असाच स्पंज उशाला घेतला होता. या तिमाहीची ओळ कोरी ठेवा आणि कारण लिहा. जी बाई तिथे रोज असते तिला शिकवून या, मग ठिकाण चालू राहील.

दुपारभर शोभाताई शिकल्या. हातमोजे घालून, चिमट्याने, त्या धुतलेल्या स्पंजावरच तीनदा सराव केला आणि नवा त्यांनीच बसवला. उदबत्तीचा धूर चालतो का, चूल किती लांब हवी, पालापाचोळा कुठे जाळायचा, असे त्यांचे प्रश्न संपत नव्हते. शेजारी फवारणी झाली की तारीख लिहून ठेवा, एवढंच मी सुचवलं. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये बसले, तेव्हा मांडीवर त्यांनी दिलेली संत्री होती.

पुण्यात आमच्या भिंतीवर या जाळ्याचा जगाचा नकाशा आहे. आजवर त्यावरच्या ठिपक्यांत मला यंत्रंच दिसायची. आता वाटतं, प्रत्येक ठिपक्यापाशी कुणीतरी उभं आहे आणि त्याला आपण काय सांगितलं, काय सांगायचं विसरलो, यावर सगळं उभं आहे.

फेब्रुवारीत सौंसरहून डबा आला. कागद नीट दुमडलेला, आत करडा स्पंज. सोबत वहीच्या पानावर शेजारच्या फवारण्यांच्या तारखा आणि खाली चार ओळी होत्या:

"म्याडम, लय काळा झाला. पाहून वाईट वाटलं. पण खरा हाय. उत्तर आलं का मले आधी सांगा, ग्रामसभेत मीच वाचणार हाय."

मी डबा त्याच दिवशी पुढे पाठवला.